सामंतसर आणि एकतीस हजारांचा आकडा

सामंतसर गेल्याचं नीलावहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं. शनिवारची सकाळ होती. मी अजमानला आमच्या बिल्डिंगखाली गाडीवरची धूळ पुसत होतो. वहिनींचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाल्या, "चहा घेतला, पेपर मागितला. मी पेपर घेऊन येईपर्यंत..." अशा वेळी माणसं जे बोलतात ते मी बोललो, मेधाला सांगतो म्हणालो, फोन ठेवला. आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. हे इथे लिहावं की लिहू नये, यावर मी गेले दीड महिना विचार केला. पण गेलेल्या माणसाबद्दल चार चांगल्या ओळी लिहून मोकळं व्हायचं, तर सामंतसरांनी असा लेख पहिल्या परिच्छेदातच बाजूला ठेवला असता. चांगलं बोलणाऱ्या माणसाचा त्यांना आधी संशय यायचा.

अरविंद सामंत हे मूळचे दादरचे, शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. दुबईत रास अल खोरला आमच्या कंपनीचा स्विचबोर्ड बनवण्याचा कारखाना होता, तिथे ते टेंडर विभागाचे प्रमुख. मी २००६ साली पुण्याहून एचआरमध्ये आलो तेव्हा कंपनीत मराठी माणसं आम्ही दोघंच. त्यांनी मला त्यांच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली खोली बघून दिली आणि पुढचं दीड वर्ष, माझं लग्न होऊन मेधा येईपर्यंत, दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, दुपारी मी त्यांच्याकडे जेवलो. जेवताना ते मला माणसं वाचायला शिकवायचे. टेंडरच्या धंद्यात वीस वर्षं काढलेला माणूस. आपला दर समोरच्याला पाच मिनिटं आधी कळला तर सहा महिन्यांचं काम जातं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. एकच प्रश्न ते दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा विचारत आणि दोन्ही उत्तरं मनात जुळवून बघत. भाजीवाल्यालाही विचारत. वहिनी हसत म्हणायच्या, "लग्नाच्या आधी यांनी माझी जन्मतारीख तीन जणांकडून घेतली होती."

या माणसाचं दुसरं प्रेम म्हणजे बास्केटबॉल. तरुणपणी मुंबईत ते खेळले होते, पुढे गुडघ्याने दगा दिला. आमच्या कंपनीची टीम होती आणि तिचे मॅनेजर सामंतसर. मी त्यांचा हरकाम्या चिटणीस. खेळाडूंचे व्हिसा, हॉलचं बुकिंग, जर्सी, फोनाफोनी असं सगळं माझ्याकडे. तिथे कंपन्या-कंपन्यांची एक लीग चालायची. खेळाडू बहुतेक फिलिपिनो, थोडे लेबनीज, एखाद-दुसरा आपला. कागदावर ते स्टोअरकीपर नाहीतर हेल्पर असत, आणि खेळण्याचे पैसे वेगळे मिळत. चांगल्या दिवसांत त्या पैशांना धरबंधच नव्हता. एका कंत्राटदाराने म्हणे एका उंच सर्बियन गड्याला गाडी आणि फ्लॅट दिला होता.

मग २००८ आलं. बाहेर क्रेन उभ्याच्या उभ्या थांबल्या आणि आत माझ्या टेबलावर काढून टाकण्याची पत्रं टाइप व्हायला लागली. लीगमधल्या दोन कंपन्यांनी टीमच बंद केल्या. उरलेल्या आठ जणांनी बसून ठरवलं की असंच चाललं तर लीग राहणार नाही, म्हणून यापुढे कुठल्याही टीमने एका मोसमात सगळ्या खेळाडूंना मिळून दोन लाख दिरहॅमपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. तेव्हाच्या भावाने सव्वीस लाख रुपये. याला सगळे 'कॅप' म्हणत. दोन लाखांत दहा माणसं बसवायची, एकाला चढवलं तर दुसऱ्याला उतरवायचं. आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तीन आठवडे असे ठेवले, की ज्यांचे करार संपले आहेत ते खेळाडू हव्या त्या टीमशी बोलू शकतील. त्या तीन आठवड्यांत प्रत्येक मॅनेजरची एकच गोष्ट गुप्त असायची... आपल्या दोन लाखांतले किती शिल्लक आहेत. तुम्ही एखाद्याला जास्तीत जास्त किती देऊ शकता हे समोरच्याला कळलं, की तो वर पाचशे ठेवतो आणि तुमचा माणूस घेऊन जातो. सामंतसरांना हे नवीन नव्हतं. तो त्यांचा रोजचा टेंडरचाच धंदा होता, फक्त स्विचबोर्डच्या जागी माणसं होती.

आमच्या मालकांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगून ठेवली होती. ते सिंधी गृहस्थ, दुबईत जन्म काढलेले. म्हणाले, "टीम जीतती है तो बड़े दफ्तरों में मेरा नाम जाता है. हारेगी तो मंदी में मैं दस आदमी किसलिए पालूँ?" म्हणजे टीम पडली तर दहाजणांची नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा जाणार. हे सामंतसरांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि खेळाडूंनाही कुणी न सांगता कळलं होतं.

पहिल्या आठवड्यात आमचा लेबनीज सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच गडी, इलियास गेला. सामंतसरांनी त्याच्यासाठी बेचाळीस हजार काढून ठेवले होते. शारजाच्या एका कंपनीने त्याला साडेबेचाळीस दिले. पाच दिवसांनी लांबून बास्केट करणारा आमचा एक नेमबाज गेला. आमचे त्याच्यासाठी चोवीस होते, शारजाने साडेचोवीस दिले. सामंतसरांनी दोन्ही वेळा काही आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी मला आणि कोच थॉमसला केबिनमध्ये बोलावलं, खुर्चीवर मागे रेलून आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, हॉलचं बुकिंग झालं का. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, हॉलचं बुकिंग झालं का. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. तो प्रश्न हॉलबद्दल नव्हता, हे खाली येताना जिन्यात मला जाणवलं.

आता उरला होता रोमेल. आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा गडी, सत्तावीस वर्षांचा, कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करायचा. चण लहान, पण चेंडू त्याच्या हाताला चिकटल्यासारखा. बायको त्याच वर्षी आलेली. सामंतसरांनी मला एका दुपारी बाजूला घेऊन सांगितलं की नवीन दोन माणसं घेतल्यावर रोमेलसाठी एकतीस हजार उरतात, एक फिल्सही, म्हणजे तिथला एक पैसाही, जास्त नाही. करारपत्रं तीन आठवडे संपल्यावरच माझ्याकडे टाइप करायला येत, त्यामुळे मला हा आकडा त्यांच्या तोंडूनच कळायचा.

शेवटच्या दोन दिवसांत रोमेलने येऊन सांगितलं, शारजावाले साडेएकतीस देतायत. सामंतसरांनी त्याच्यासमोर कागद ठेवला पस्तीस हजारांचा. त्याने तिथेच सही केली. थॉमस आनंदाने माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "सामंत ने तो मुझे ट्वेंटी एट बोला था. ये थर्टी फाइव कहाँ से आया?"

मी मनात आकडे मांडले. थॉमसला अठ्ठावीस, मला एकतीस, खरे पस्तीस. आणि शारजाने ठेवले साडेएकतीस. अठ्ठावीसवर पाचशे नाही, एकतीसवर पाचशे. सामंतसरांनी आम्हा दोघांना दोन वेगळे आकडे दिले होते आणि कुठला शारजाला पोचतो ते बघत बसले होते. पोचला तो माझा.

मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. एक पैसा घेतला नव्हता, शारजाच्या त्या कंपनीतला एकही माणूस मी ओळखत नव्हतो. दोन दिवस वाट बघितली की सर मला विचारतील. मी काय उत्तर द्यायचं तेही मनात तयार केलं होतं. त्यांनी विचारलं नाही. शुक्रवारी जेवायला बोलावलं, नेहमीसारखं वाढलं, मेधाला भाजीची कृती विचारली. पण त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी कधी कुठलाही आकडा उच्चारला नाही. साधं घरभाडं किती वाढलं हेसुद्धा नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाची मी प्रत्येक शुक्रवारी वाट बघायला लागलो. मग माझ्या मनाने दुसरी वाट धरली. वाटायला लागलं, हा माणूस स्वतःच शारजाला मिळालेला नसेल कशावरून? स्वतःवरचं बालंट माझ्यावर ढकलायला त्यानेच हे आकड्यांचं नाटक रचलं नसेल कशावरून? आणि त्याच आठवड्यात थॉमसने सांगितलं की त्याने सामंतसरांना शारजाच्या मॅनेजरबरोबर एका कॅफेटेरियात चहा पिताना बघितलं. खलास. माझ्यापुरता निकाल लागला.

जूनमध्ये मी सह्यांसाठी फाइल घेऊन मालकांकडे गेलो होतो. सह्या करता करता त्यांनी सहज विचारलं की दोन-दोन खेळाडू पाच-पाचशेने कसे गेले. मला माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "सर, सामंतसाहब शारजावालों के साथ बैठते हैं, ऐसा सुना है." मालकांनी मान वर केली नाही, सही पूर्ण केली, पुढचं पान उलटलं. पुढच्या आठवड्यापासून टेंडरची पाकिटं सामंतसरांच्या खोलीऐवजी मालकांच्या केबिनमध्ये, त्यांच्या पुतण्यासमोर चिकटवून बंद व्हायला लागली. वीस वर्षं ज्या माणसाच्या हातातून ती पाकिटं गेली, तो आता त्या पोराच्या टेबलासमोर उभा राहून डिंक वाळायची वाट बघायचा. मी काचेतून बघायचो. तेव्हा मला वाईट वाटलं, असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

पुढचा मोसम इलियासशिवाय गेला. रोमेल जिवाच्या आकांताने खेळला, पण आम्ही पाचवे आलो. एप्रिलमध्ये मालकांनी टीम बंद केली. दहापैकी सातजणांची पत्रं मी टाइप केली, त्यात रोमेलचं होतं. शारजाला गेलेले दोघं तिथे टिकले. आमच्याकडे राहिला तो परत चालला होता. पत्र घेताना रोमेलने मला हळूच विचारलं, "सर, इफ आय हॅड गॉन टू शारजा?" त्याची बायको तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. मी म्हणालो, पुढे काहीतरी होईल, इन्शाल्ला... त्याला विमानतळावर सोडायला सामंतसर स्वतः गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलापाशी थांबले आणि वर्षभरात पहिल्यांदाच टीमबद्दल माझ्याशी बोलले. "माझंच चुकलं. त्याला जाऊ द्यायला हवं होतं. मला आकडा जिंकायचा होता." एवढं बोलून ते गेले. वर्षभरात त्यांनी कंपनी सोडली आणि अबुधाबीला एका छोट्या फर्ममध्ये लागले. निरोपाचं भाषण मीच केलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, २०१२च्या हिवाळ्यात, मी आणि मेधा अजमानच्या मासळीबाजारात उभे होतो. आमची मुलगी रिया कडेवर होती. सुरमई बघून मी मेधाला म्हणालो, हा मासेवाला लबाड दिसतोय, पुढे चल. मागून आवाज आला, "लबाड नाही हो. मासा खरंच ताजा आहे, घ्या."

वळून बघितलं तर डेरिक. लग्नानंतर आम्ही अजमानला राहायला गेलो तेव्हा तिथून रास अल खोरला जायला-यायला मी एका व्हॅनमध्ये जागा घेतली होती. महिन्याचे पैसे द्यायचे, सातजण ठरलेले. डेरिक त्यातला एक. शारजाला उतरायचा, संध्याकाळी तिथूनच चढायचा. तीन वर्षं तो माझ्या शेजारी बसला होता. आमच्याशी हिंदीत नाहीतर इंग्लिशमध्ये बोलायचा, एरवी डोळे मिटून पडलेला असायचा. मी त्याला गोव्याकडचा, फार तर मंगलोरचा समजायचो, आणि तो काय काम करतो हे कधी विचारलंही नव्हतं.

"तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं.

"बेळगावला मराठी शाळेत शिकलो मी," तो म्हणाला. "तुम्ही कधी विचारलंच नाही."

मला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. मेधा २००८ला आली तेव्हा तिला इथे कुणी ओळखीचं नव्हतं. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दीड तास जायचा, तेवढा वेळ मी रोज तिच्याशी फोनवर बोलायचो. दिवसभरात जे झालं ते सगळं सांगायचो, कोण कुणाला काय म्हणालं, सर कुणाला किती देणार आहेत. मोठ्याने, मोकळेपणाने. आपण इथे मराठी बोलतो ते दार लावून घेतल्यासारखं बोलतो. भर गर्दीत समोरच्या माणसाच्या नाकावर शेरे मारतो. कोणाला कळतंय!

कुठल्या कंपनीत आहात, असं मी डेरिकला विचारलं. त्याने नाव सांगितलं. तीच. तो हिशेबखात्यात होता. मी आणखी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "तुम्ही रोज सांगत होतात. मी काय कान बंद करून बसू? आमच्या मॅनेजरला कळलं, त्याला उपयोग झाला." त्याच्या बोलण्यात माज नव्हता आणि शरमही नव्हती. मेधाच्या हातातली पिशवी त्याने मासेवाल्याकडून भरून दिली आणि निघून गेला.

गाडीत बसल्यावर मेधा एवढंच म्हणाली, "सामंतसरांना सांग." मी सांगतो म्हणालो. त्यासाठी म्हणून दोनदा अबुधाबीला गेलो. पहिल्या वेळी त्यांच्याकडे पाहुणे होते, त्याचंच मला बरं वाटलं. दुसऱ्या वेळी आम्ही दोघंच गॅलरीत बसलो होतो. सर म्हणाले, "बोल. काहीतरी घेऊन आलायस." मी म्हणालो, रियाच्या शाळेचं काही जमत नाहीये. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं, "शाळेचंच ना?" मी हो म्हणालो. दोन्ही उत्तरं जुळली, म्हणजे मी दोनदा खोटं बोललो. पुढे ते निवृत्त होऊन पुण्याला गेले. यंदाच्या जानेवारीत मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांना दम लागायचा, एक वाक्य दोन तुकड्यांत बोलायचे. मी रियाच्या कॉलेजचं सांगत बसलो. ते ऐकत होते. मी उठलो तेव्हाही ते माझ्या तोंडाकडेच बघत होते... आता तरी बोलेल म्हणून.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी पुण्याला गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मी बसलो, पाणी प्यायलो आणि सगळं सांगून टाकलं. व्हॅन, फोन, डेरिक, मासळीबाजार. शेवटी म्हणालो, सरांना आयुष्यभर वाटलं असेल की मी पैसे खाल्ले.

वहिनी म्हणाल्या, "त्यांना तेव्हाच माहीत होतं."

 त्या सांगत गेल्या. सरांनी माझ्या व्हॅनच्या ड्रायव्हरला गाठून विचारलं होतं, गाडीत कोण कोण बसतं. मी वाटभर मेधाशी फोनवर बोलतो हे कळलं, आणि बसणाऱ्यांतला एक माणूस शारजाच्या त्या कंपनीचा निघाला. मग ते त्या मॅनेजरला भेटायला कॅफेटेरियात गेले आणि त्याला तोंडावर विचारलं. तो नुसता हसला. तेवढं सरांना पुरलं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"मीच म्हटलं होतं, विनायकला सांगा. तर म्हणाले, नको. त्याला कळलं तर तो फोन करायचा बंद होईल. मेधा दिवसभर एकटी असते, त्या एका फोनवर तिचा दिवस निघतो." वहिनींनी माझा रिकामा पेला उचलला. "फोनचं त्यांनी कधीच मनावर घेतलं नाही, विनायक. नवऱ्याने बायकोला सांगितलं, त्यात काय. पण मालकांना तू जे सांगितलंस ना..."

मी मान खाली घातली. ते मी मेधालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आताही वहिनींना सांगणार नव्हतो.

"पुतण्यानेच बोलून दाखवलं होतं त्यांना, तुमच्याच माणसाने सांगितलं म्हणून. तुझं नाव घेऊन. ते विचारणार नव्हते तुला. म्हणायचे, त्याचं त्याने येऊन सांगायला पाहिजे. प्रत्येक वेळी तू येऊन गेलास की मी विचारायची, बोलला का. ते म्हणायचे, नाही." त्या उठल्या. "ते त्यांना माफ करता आलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं कशाला सांगू?"

साडेपाच झाले होते. वहिनी सरांच्या खोलीत गेल्या, मी मागोमाग गेलो. पलंग उचललेला होता, औषधांचा कप्पा रिकामा झाला होता. त्यांनी खिडकी पूर्ण उघडली. खाली एका शाळेचं बास्केटबॉलचं मैदान आहे. मुलं-मुली जमत होती, सिमेंटवर चेंडू आपटायला लागला होता. शेवटचे आठ महिने सर खाली जाऊ शकत नव्हते, तेव्हा रोज या वेळेला वहिनी खिडकी उघडायच्या आणि सर पलंगावरून नुसता आवाज ऐकत सांगायचे की कोण चेंडू फार धरून ठेवतंय. आता ऐकणारं कुणी नाही, तरी साडेपाच वाजले की हात आपोआप खिडकीकडे जातो, असं त्या म्हणाल्या. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. खाली कुणीतरी चेंडू एकसारखा आपटत होतं, कुणाला देत नव्हतं. वहिनी ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मला चहा विचारला. मी हो म्हणालो, चहा घेतला आणि निघालो. पुन्हा ये, असं त्या या वेळी म्हणाल्या नाहीत.